पहिल्या घरानंतरची बचत : क्रम आणि निवड

घर घेईपर्यंत नोकरदार कुटुंबाच्या बचतीपुढे एकच उद्दिष्ट असते आणि त्या उद्दिष्टासाठी मुदत ठेवी मोडल्या जातात, भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली जाते, आईवडिलांकडून हातभार घेतला जातो आणि पुण्यासारख्या शहरात सात टक्क्यांपर्यंत जाणारे मुद्रांक शुल्क भरून झाले की गाठीशी जवळपास काहीच उरत नाही. त्यानंतर कुटुंबाची आर्थिक स्थिती मोठी विचित्र असते. कागदावर त्याच्या मालकीची मालमत्ता पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी झालेली असते, पण अडीअडचणीला उपयोगी पडेल असा पैसा पूर्वीपेक्षा कमी झालेला असतो. घराची एक खोली विकून मुलाची फी भरता येत नाही आणि रुग्णालयाचे बिल देता येत नाही. म्हणून घर घेतल्यानंतर कोठे बचत करावी हा प्रश्न कोणती योजना अधिक व्याज देते एवढ्यापुरता मर्यादित नसून, एका स्थावर वस्तूत अडकलेल्या कुटुंबाच्या संपत्तीला सुटेपणा आणि विविधता कशी आणावी, असा तो आहे. योजनांची निवड त्यातूनच ठरते, आणि निवडीपेक्षाही क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो.

बचतीचा आकडा ठरवण्याआधी घर स्वतः दरवर्षी किती मागणार आहे हे पाहावे लागते. नव्या इमारतीत ताबा देताना विकासक बहुधा वर्षा-दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ घेतो, त्यामुळे सुरुवातीला हा खर्च जाणवत नाही आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेचे पहिले बिल हाती पडते तेव्हा महिन्याचे अंदाजपत्रक आधीच ठरून गेलेले असते. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वा पुनर्बांधणीसाठी साठवायच्या निधीसाठी, किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी घेणे अपेक्षित असते. बांधकाम खर्च २० लाख रुपये धरला तर हीच रक्कम वर्षाला २० हजार होते, आणि पाणी, सफाई, सुरक्षारक्षक, उद्वाहन यांचा खर्च त्याहून वेगळा. मालमत्ता कराचेही तसेच आहे : मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना या करातून सूट आहे, तर पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी ४० टक्के सवलत वेळेत अर्ज न केल्यास हातची जाऊ शकते. भिंतींना ओल येणे, गच्चीतून पाणी झिरपणे यांसारख्या दोषांवर मात्र घाईने स्वतःचा पैसा घालू नये. रेरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कळवलेले बांधकामाचे दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचे असतात, आणि हे लेखी कळवण्याचा कंटाळा हा नव्या घरमालकांचा सर्वांत महागडा कंटाळा म्हणावा लागेल.

याच काळात आतील सजावटीसाठी घेतलेले वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डावर पुढे ढकललेली रक्कम शिल्लक असेल, तर बचतीचा विचार तेथेच थांबवून आधी ती फेडावी. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्यावर मात करणारी कोणतीही प्रामाणिक गुंतवणूक अस्तित्वात नाही.

त्यानंतरची पहिली बचत आणीबाणीच्या निधीची. घर घेण्यापूर्वी तीन महिन्यांचा खर्च बाजूला असणे पुरेसे मानले जात असेल, तर घर घेतल्यानंतर मासिक हप्ता धरून किमान सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा, आणि याचे कारण भावनिक नाही, कायदेशीर आहे. भाडेकरूची नोकरी गेली तर तो लहान घरात जाऊ शकतो. कर्जदाराला तो मार्ग लगेच उपलब्ध नसतो. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावताही तारण घराचा ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू करू शकते. हा निधी बचत खात्यात, त्याला जोडलेल्या मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात, म्हणजे अत्यल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या आणि साधारणपणे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी रक्कम परत देणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवता येतो. त्यावर किती व्याज मिळते ही येथे दुय्यम बाब आहे.

व्याजाच्या मोहाचा उल्लेख महाराष्ट्राच्या संदर्भात थोडा विस्ताराने करणे भाग आहे, कारण अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी गावातील पतसंस्थेत सगळी पुंजी ठेवण्याची सवय येथे जुनी आहे. बँकेतील ठेवींना, आणि त्यात सहकारी बँकाही आल्या, ठेव विमा व पत हमी महामंडळाचे संरक्षण असते. दर ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतची ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे, त्यापूर्वी ती १ लाख होती. पतसंस्था मात्र बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली सभासदांची संस्था असते आणि तिच्यातील ठेवींना हे विमा संरक्षण मिळत नाही. पतसंस्थांनी ग्रामीण आणि निमशहरी भागात केलेले काम मोठे आहे, हे मान्य करूनही हप्त्याच्या संकटकाळासाठी राखलेला पैसा तेथे ठेवू नये, तसेच शेजारीपाजारी चालणाऱ्या भिशीतही तो गुंतवू नये.

कर्जाबरोबर विम्याचे स्वरूपही बदलते. कमावती व्यक्ती गेली तर घर कुटुंबाकडे राहील की नाही, हे विम्यावर अवलंबून असल्याने टर्म विमा, म्हणजे केवळ मृत्यूनंतर रक्कम देणारी आणि मुदतीअखेर काहीही परत न करणारी पॉलिसी, शिल्लक कर्ज अधिक कुटुंबाच्या काही वर्षांच्या खर्चाइतका असावा. कर्ज मंजूर करताना बँकेकडून पुढे केली जाणारी एकरकमी हप्त्याची कर्जसंरक्षण पॉलिसी याहून वेगळी असते : तिचे छत्र सहसा शिल्लक मुद्दलाबरोबर घटत जाते आणि तिचा हप्ता अनेकदा कर्जातच मिळवला जात असल्याने त्यावरही वीस वर्षे व्याज भरावे लागते. विवाहित पुरुषाने टर्म पॉलिसी घेताना १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली ती पत्नी व मुलांच्या नावे करून घ्यावी. तसे केल्यास विम्याच्या रकमेवर धनकोंना दावा सांगता येत नाही. ही सोय केवळ प्रस्ताव अर्ज भरताना मिळते, नंतर नाही, आणि विमा प्रतिनिधी तिचा उल्लेख क्वचितच करतात. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्यावरील जीएसटी उठवण्यात आला असल्याने हा निर्णय लांबवण्याचे एक कारणही कमी झाले आहे.

एवढे झाल्यावर जी शिल्लक राहते तिच्याबाबत खरा प्रश्न उभा राहतो : ती कर्जात भरावी की गुंतवावी? उत्तरासाठी कर्जाची रचना समजून घेणे आवश्यक आहे. ५० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असे उदाहरण घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ४३,३९० रुपये येतो. त्यातील पहिल्या हप्त्यात ३५,४०० रुपयांहून अधिक भाग व्याजाचा असतो आणि मुद्दल फिटते ते आठ हजारांपेक्षाही कमी. दहा वर्षे न चुकता हप्ते भरल्यानंतरही सुमारे ३५ लाख रुपये मुद्दल शिल्लक राहते, म्हणजे निम्म्या मुदतीत तीन दशांशच कर्ज फिटलेले असते. याच कारणाने सुरुवातीच्या वर्षांत भरलेली लहान रक्कमही मोठा परिणाम करते. या कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा ५,००० रुपये जादा भरले तर ते सुमारे साडेपंधरा वर्षांत फिटते आणि व्याजापोटी जाणारे जवळपास १४ लाख रुपये वाचतात. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीसाठी बँका वा गृहवित्त कंपन्या दंड आकारू शकत नाहीत, त्यामुळे असा भरणा करण्यात कसलीही अडचण नसते. भरताना मात्र हप्ता कमी न करता मुदत कमी करण्याची सूचना लेखी द्यावी.

व्याजदर वाढतो तेव्हा कर्जदाराच्या नकळत नेमके उलट घडत असते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पकाळासाठी पैसे देते तो दर, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. ६.७५ टक्क्यांनी घेतलेल्या ५० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता ३८,०१८ रुपये असतो. तेच कर्ज ९.२५ टक्क्यांवर गेले आणि मुद्दल तेवढेच असेल, तर केवळ व्याजच महिन्याला ३८,५४२ रुपये होते. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटण्याऐवजी वाढू लागेल. त्या काळात असंख्य कर्जांच्या मुदती अशाच लांबल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला असा नियम करावा लागला की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवण्याचा, मुदत वाढवण्याचा किंवा दोन्हींचा पर्याय दिला पाहिजे. दर उतरतात तेव्हा याच नियमाचा शहाणा उपयोग असा की हप्ता कमी करून न घेता मुदत घटवून घ्यावी. वर्षातून एकदा बँकेच्या विवरणपत्रातील उर्वरित मुदत वाचणे हे कोणत्याही गुंतवणूक योजनेच्या शोधापेक्षा अधिक लाभाचे काम आहे.

परतफेडीविरुद्ध नेहमी पुढे केला जाणारा युक्तिवाद करसवलतीचा असतो, आणि तो बहुतांश प्रकरणी तपासून न पाहताच मानला जातो. नव्या करप्रणालीत, जी २०२३-२४ पासून वेगळी निवड न केल्यास आपोआप लागू होते, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजावर वजावट मिळतच नाही. तेथे हा युक्तिवाद संपतो. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण वरील उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याजच सव्वाचार लाखांच्या आसपास आहे. जादा परतफेडीने ते व्याज कमी होऊन साडेतीन लाख झाले तरी वजावट २ लाखच राहते, म्हणून मुद्दल साधारण साडेतेवीस लाखांच्या खाली येईपर्यंत एकट्या कर्जदाराचा करलाभ परतफेडीमुळे कमी होत नाही. पती-पत्नी दोघेही सहमालक आणि सहकर्जदार असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र २ लाखांची वजावट मिळते आणि गणित बदलते : जुनी प्रणाली निवडलेल्या आणि तीस टक्क्यांच्या करटप्प्यात असलेल्या अशा जोडप्याला ८.५ टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात सहा टक्क्यांच्या आतबाहेर पडते, आणि त्यांनी घाईने कर्ज फेडण्यापेक्षा भविष्य निर्वाह निधीत भर घालणे अधिक सयुक्तिक ठरते. मार्च महिना जवळ आला की करबचतीसाठी विकल्या जाणाऱ्या पॉलिसींबद्दलही येथेच बोलून टाकावे. कलम ८० सी म्हणून ओळखली जाणारी दीड लाखांची मर्यादा जुनी प्रणाली निवडणाऱ्या घरमालकाच्या बाबतीत मुद्दलाची परतफेड आणि भविष्य निर्वाह निधीची पगारातील कपात या दोहोंनीच बहुधा भरलेली असते, आणि त्यावर घेतलेली पॉलिसी एक रुपयाचाही कर वाचवत नाही.

दीर्घकालीन बचतीत पहिला मान भविष्य निर्वाह निधीचा, विशेषतः घराच्या आगाऊ रकमेसाठी त्यातून पैसे काढले गेले असतील तर. पस्तिसाव्या वर्षी काढलेले ५ लाख रुपये निधीत राहिले असते आणि २०२४-२५ साठी जाहीर झालेला ८.२५ टक्क्यांचा दर तसाच टिकला असे मानले, तर साठाव्या वर्षी त्यांचे सुमारे ३६ लाख झाले असते. घराची खरी किंमत मोजताना ही रक्कम कोणी धरत नाही. ही पोकळी भरण्याचा मार्ग म्हणजे ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी, ज्यात कर्मचारी सक्तीच्या १२ टक्क्यांपेक्षा अधिक वर्गणी पगारातून कापून घेण्यास आस्थापनेला सांगतो. वर्षाला अडीच लाखांपर्यंतच्या स्वतःच्या वर्गणीवरील व्याज करमुक्त असते, त्यापुढील वर्गणीवरील व्याजावर कर लागतो. व्यावसायिक आणि दुकानदार यांना ही सोय नसल्याने त्यांच्यासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, हा जवळचा पर्याय राहतो : १५ वर्षांची मुदत, वर्षाला दीड लाखांची मर्यादा, करमुक्त व्याज, आणि न्यायालयीन जप्तीपासून संरक्षण. त्याचा व्याजदर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला आणि नंतर अनेक वर्षे तेथेच राहिला. व्याजाची गणना महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या किमान शिलकीवर होत असल्याने भरणा पाच तारखेपूर्वी करावा. दहा वर्षांच्या आतील मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खाते अधिक दर देते, पण ते तिच्या शिक्षणासाठी आणि लग्नासाठी बांधलेले असते, घरखर्चाच्या गरजेला ते धावून येत नाही.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीचे आकर्षण नव्या करप्रणालीत एका विशिष्ट वाटेने टिकून आहे. मालकाने कर्मचाऱ्याच्या खात्यात भरलेली, मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंतची वर्गणी नव्या प्रणालीतही वजावटीस पात्र असते, त्यामुळे वेतनरचनेत हा पर्याय देणाऱ्या आस्थापनेत काम करणाऱ्याने तो नाकारू नये. जमा रकमेचा एक भाग निवृत्तीच्या वेळी वार्षिकी, म्हणजे आयुष्यभर ठरावीक रक्कम देणारा करार, विकत घेण्यासाठी वापरावा लागतो, हे बंधन मात्र आधीच लक्षात घ्यावे.

समभागांशी संबंधित म्युच्युअल फंडांबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. पहिले त्यांना जुगार मानते आणि दुसरे कर्ज न फेडता सगळा पैसा तेथे लावण्यास सांगते. दुसरे मत सध्या अधिक फॅशनमध्ये असल्याने अधिक धोकादायक आहे. कर्ज फेडून वाचणारे ८.५ टक्के निश्चित असतात, समभागांतून मिळू शकणारे १२ टक्के शक्य असतात. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या जवळ असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली उतरला होता, आणि अशा पडझडीच्या काळातच नोकऱ्याही जातात. तरीही ज्या कुटुंबाची बहुतेक संपत्ती एका शहरातील एका इमारतीत आहे, त्याने पंधरा-वीस वर्षांपलीकडच्या उद्दिष्टांसाठी काही हिस्सा देशातील उद्योगांच्या वाढीला जोडणे योग्यच आहे. कमी खर्चाच्या निर्देशांक फंडात, मध्यस्थाचे कमिशन नसलेल्या डायरेक्ट योजनेत, दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे हा त्याचा साधा मार्ग. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा तेथे ठेवू नये. उरलेल्या शिलकीची परतफेड आणि गुंतवणूक यांत निम्मी-निम्मी विभागणी करणे गणिती दृष्टीने परिपूर्ण नसेल, पण ती वीस वर्षे टिकते, आणि मोडून पडणाऱ्या उत्तम योजनेपेक्षा टिकणारी मध्यम योजना बरी.

सोने आणि दुसरी मालमत्ता यांविषयी थोडक्यात. दागिन्यांवरील ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ विकताना परत मिळत नाहीत, सरकारच्या सुवर्ण रोख्यांची शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, आणि सराफांच्या मासिक हप्त्याच्या योजनांना ठेव विम्याचे छत्र नसते. हौसेसाठी सोने घ्यावे, भविष्याची भिस्त त्यावर ठेवू नये. दुसरा फ्लॅट किंवा कर्जत-तळेगावकडील भूखंड हा मोह पहिले घर सुरळीत चालू लागले की होतोच. त्यातून मिळणारे वार्षिक भाडे शहरांत बहुधा किमतीच्या दोन ते साडेतीन टक्के असते, कर्जाचे व्याज त्याच्या दुपटीहून अधिक असते, आणि मुख्य म्हणजे पहिल्या घरामुळे आलेला एकाच प्रकारच्या मालमत्तेचा भार त्याने दुप्पट होतो.

शेवटी कागदपत्रांची बाब. विवाहापूर्वी भविष्य निर्वाह निधीत केलेले नामनिर्देशन विवाहानंतर रद्दबातल ठरते आणि ते नव्याने करावे लागते. गृहनिर्माण संस्था, बँक खाती आणि म्युच्युअल फंड यांची नामनिर्देशने स्वतंत्रपणे भरावी लागतात. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती रक्कम वा मालमत्ता वारसांच्या वतीने स्वीकारते, हे समभाग आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मृत्युपत्र न करता विवाहित हिंदू पुरुषाचे निधन झाल्यास १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार त्याच्या हिश्शाचे घर पत्नी, मुले आणि आई यांच्यात समान वाटले जाते. ज्या वडिलांनी घरासाठी निवृत्तीची रक्कम दिली असेल त्यांना मात्र या वारसांच्या पहिल्या वर्गात स्थान नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, त्याची नोंदणीही सक्तीची नाही, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, मात्र ज्यांना काही मिळणार आहे अशांना साक्षीदार करू नये.